न्हाणीघराचा ढाळ

शाळांच्या स्मरणिकांत छायाचित्रे कशाकशाची असतात, हे आपण सर्वजण जाणतो. प्रवेशद्वाराची कमान, सभागृह, पूर्णाकृती पुतळा, संगणककक्षाचे उद्घाटन, पाहुण्यांच्या हातातील कात्री. वसतिगृहाच्या न्हाणीघराचे छायाचित्र मी आजवर कोणत्याही स्मरणिकेत पाहिलेले नाही, आणि या स्मरणिकेतही ते असण्याचा संभव नाही. संपादक मंडळाने ‘इतिहासाच्या शिक्षिका या नात्याने शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे’ असे कळविले, तेव्हा वाटचालीचे मोठे टप्पे इतर मान्यवर लिहितीलच, या विश्वासाने मी एक लहान विषय निवडला आहे. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी काही वर्षे काम पाहिले. त्या काळात ज्या कामाने माझी सर्वांत अधिक झोप उडविली, ते काम म्हणजे पहिल्या मजल्यावरील न्हाणीघराची फरशी.

ज्या माजी विद्यार्थिनी हे वाचतील त्यांना ती जागा डोळ्यांसमोर आणण्यास कष्ट पडणार नाहीत. जिना चढून डावीकडे वळले की अरुंद बोळ, त्याच्या एका अंगाला सहा कप्पे, प्रत्येक कप्प्याला पत्र्याचे दार. खाली शहाबादी फरशी. मागच्या भिंतीलगत सर्व कप्प्यांतून जाणारी एकच पन्हळ. म्हणजे पहिल्या कप्प्यातील मुलीच्या अंगावरचे साबणाचे पाणी सहाव्या कप्प्यातील मुलीच्या पायांजवळून वाहत जाणार. पन्हळीच्या टोकाला स्लॅबमध्ये छिद्र पाडून बसविलेला ट्रॅप. आणि त्या स्लॅबच्या नेमके खाली, तळमजल्यावर, शाळेचे ग्रंथालय.

न्हाणीघर ग्रंथालयावर का बांधले, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. इमारत उभी राहिली तेव्हा मुलींची सुरक्षितता हा पहिला विचार होता आणि मुलींची स्नानाची जागा वरच्या मजल्यावर असावी, असे संस्थापकांनी ठरविले. तो निर्णय योग्यच होता. ग्रंथालय त्या वेळी नव्हतेच. ती धान्याची खोली होती. पुढे ग्रंथ वाढले, धान्य दुसरीकडे गेले, आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड त्या खोलीतील लोखंडी कपाटात येऊन बसले.

शहाबादी दगड सहसा दगा देत नाही, सांधे देतात. नव्वद मुली, प्रत्येकीच्या दोन बादल्या, म्हणजे रोज सकाळी दीड तासात एकशेऐंशी बादल्या पाणी त्या फरशीवर पडत असे. आपल्याकडील बोअरचे पाणी जड. त्यातील क्षार दगडावर पांढरे पुट धरतात, आणि ते पुट काढण्यासाठी वर्षानुवर्षे बाजारातील ॲसिड ओतले जात असे. ॲसिडने पांढरेपणा जातो हे खरे, परंतु त्याबरोबर सांध्यांतील सिमेंटही जाते, कारण क्षाराचे पुट आणि सिमेंटमधील चुना यांत ॲसिड भेद करीत नाही. सांधा मोकळा झाला की पाणी दगडाखालच्या बिछान्यात उतरते. बिछान्यातील वाळू हळूहळू सरकते, दगड एका कोपऱ्यात खचतो, ढाळ मोडतो, मग पाणी पन्हळीकडे जाण्याऐवजी तेथेच थबकते आणि आणखी झिरपते. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपणहून थांबत नाही. ग्रंथालयाच्या छताला प्रथम पिवळसर वर्तुळे दिसली, नंतर लोणा फुटला, नंतर गिलाव्याचा पापुद्रा सुटून खाली पडला. आत स्लॅबची सळई दिसत होती. तिचा गंज बोटाने खरवडता येत होता.

येथे इतिहासाच्या शिक्षिकेला थोडे विषयांतर क्षम्य असावे. सातवी-आठवीच्या मुलींना मी मोहेंजोदडो शिकविते तेव्हा महास्नानगृहाची मापे पाठ करून घेत नाही. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आतबाहेर खोल असा तो हौद होता, हे पुस्तकात आहेच. त्यांना मी विचारते की, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याने त्या हौदातील पाणी जिरू कसे दिले नाही? घट्ट बसविलेल्या विटा, जिप्समचा चुना, आणि विटांच्या मागे डांबराचा थर. त्याहून मला थोर वाटतात ती त्या नगरातील साधी घरे. घरात एका कोपऱ्यात भाजक्या विटांची, बारीक सांध्यांची स्नानाची जागा, तिला एका बाजूस उतार, आणि भिंतीतून रस्त्याच्या गटारात निघणारी मोरी. राजवाडा सापडला नाही, पण मोरी सापडली. मुलींना हे सांगताना छताकडे न पाहण्याचा मी प्रयत्न करीत असे.

विनयपिटकातही हा विषय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. चुल्लवग्गात ‘जन्ताघर’ म्हणजे उष्ण स्नानगृहाची चर्चा बरीच सविस्तर आली आहे. स्नानगृहात चिखल होतो, अशी तक्रार भिक्खूंनी केली तेव्हा भगवंतांनी तीन प्रकारच्या फरसबंदीस अनुमती दिली: विटांची, दगडाची आणि लाकडाची. मग पाणी साचते, अशी तक्रार आली. तेव्हा पाणी वाहून जाण्यासाठी मोरीची अनुमती दिली. ज्या ग्रंथात दुःखाच्या निरोधाचा विचार आहे त्याच परंपरेच्या ग्रंथात मोरीचाही विचार आहे, आणि तो तितक्याच शांतपणे केलेला आहे. आमच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा उतारा मी वाचून दाखविला होता. एका सदस्याने हसून ‘बाईंनी मोरीसाठीही त्रिपिटक काढले’ असे म्हटले. मी म्हटले, ‘काढावे लागले.’

त्यापूर्वी दोन वेळा डागडुजी झाली होती. पहिल्या वेळी सांध्यांत पांढरे सिमेंट भरले गेले. ते एका पावसाळ्यातच निघून गेले. दुसऱ्या वेळी एका ठेकेदाराने जुन्या दगडावरच टाइल्स चिकटवून दिल्या. आठ दिवसांत काम झाले, फरशी चकचकीत दिसू लागली, सर्वांनी समाधान व्यक्त केले. परंतु खालचा बिछाना ओलाच होता. त्या ओलीवर आपण केवळ झाकण ठेवले होते. वर्षभरात टाइलवर लाकडी मुठीने ठोकले की मडक्यासारखा पोकळ आवाज येऊ लागला. शिवाय त्या टाइल्स गुळगुळीत होत्या. सातवीतील एक मुलगी पाय घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. त्यानंतर मी तीन कप्प्यांना कुलूप लावले. राहिलेल्या तीन कप्प्यांत नव्वद मुलींची स्नाने शाळेच्या वेळेपूर्वी होणे अशक्य होते. पहाटे साडेतीनला रांग लागू लागली, आणि मोठ्या मुली मागच्या अंगणातील हौदाजवळ साड्यांचे आडोसे करून स्नान उरकू लागल्या.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक पालक आले. ऊसतोडीला जाणारे कुटुंब. दिवाळीपूर्वी टोळी निघणार होती आणि थोरल्या मुलीला ते वसतिगृहात सोडून जाणार होते. ती दहावीत होती. त्यांनी अंगणातील आडोसा पाहिला. ते रागावले नाहीत. दोन्ही हात जोडून म्हणाले, “बाई, जय भीम. पोर हुशार हाय, तुमच्यामुळंच शिकती. पण अशी उघड्यावर आंघोळ करायची आसंल तर तिथं फडावर काय वायलं हाय? मग आमच्यासंगंच येऊ द्या.”

फडावर गेलेली मुलगी मार्चमधील परीक्षेला परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. त्या रात्री मला विशाखेची आठवण झाली. महावग्गात तिने भगवंतांकडे आठ वर मागितले आहेत. त्यांतील एक म्हणजे भिक्खुणीसंघाला स्नानवस्त्र देण्याची अनुमती. कारण भिक्खुणींना अचिरवती नदीवर उघड्याने स्नान करावे लागे आणि तेथे त्यांची टिंगल होई. धम्माच्या इतिहासातील एका थोर उपासिकेने आपल्या आठ इच्छांपैकी एक स्त्रियांच्या स्नानातील अब्रूसाठी खर्च केली. मी त्या पालकांकडून दिवाळीच्या सुटीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पैशाचा प्रश्न मी थोडक्यात सांगते, कारण तो सर्वच संस्थांचा आहे. कमानीसाठी देणगीदार मिळतात, पुतळ्यासाठी मिळतात, पंख्यांवर तर नावे रंगवून मिळतात. न्हाणीघराच्या फरशीसाठी कोणी पुढे येत नाही, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही पाटी मोरीवर लावावी असे कोणत्या कुटुंबाला वाटेल? पुतळ्याला माझा विरोध नाही. मी स्वतः त्या निधीला वर्गणी दिली आहे. परंतु पिण्याच्या पाण्याच्या हक्कासाठी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ज्यांना त्या तळ्याचा न्यायालयीन निकाल मिळण्यासाठी १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली, त्यांच्या नातवंडांच्या शाळेत पाण्याची वाट नीट असणे हाही स्मारकाचाच भाग आहे, असे मी बैठकीत मांडले. अखेर पैसा उभा राहिला तो माजी विद्यार्थिनींकडून. परिचारिका, ग्रामसेविका, अंगणवाडी सेविका, बँकेतील एक अधिकारी. कोणी पाचशे, कोणी दोन हजार. एकीनेही पाटी मागितली नाही. एकीने मात्र लिहिले, ‘बाई, सहाव्या कप्प्याचे दार आतून लागत नसे, तेवढे बघा.’

बैठकीत दुसरा एक प्रस्ताव आला होता. मुलींकडून आणि मोठ्या मुलांकडून श्रमदान करून घ्यावे. तोडफोड, राडारोडा वाहणे एवढे तरी. प्रस्ताव मांडणारे गृहस्थ सद्भावनेनेच बोलत होते. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. घाण साफ करण्याच्या कामाला पावित्र्याचे वेष्टन देऊन ते ठरावीक लोकांच्याच माथी कायम ठेवण्याची रीत बाबासाहेबांनी उघडी पाडली आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा १९३६ मधील सिद्धांत आपण वर्गात शिकवितो. मुलींनी आपापला कप्पा रोज स्वच्छ ठेवावा, हे मला मान्यच आहे. ती सवय आहे. परंतु इमारतीची दुरुस्ती हे कारागिराचे काम आहे आणि कारागिराला त्याचा दाम मिळाला पाहिजे.

गवंडी मिळाला तो आपल्याच शाळेचा. नववीत असताना वडील अंथरुणाला खिळले म्हणून शाळा सोडून गेलेला मुलगा, आता पस्तिशीचा, पुण्यात आणि संभाजीनगरात मोठमोठ्या इमारतींवर काम करून परतलेला. त्याने प्रथम टाइलविषयी एक शब्दही काढला नाही. वरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करून एक रात्र नळ कोरडे ठेवले; खालची गळती कमी झाली पण थांबली नाही, म्हणजे नळाच्या पाइपात दोष नव्हता. मग त्याने ट्रॅपच्या तोंडाला बोळा बसविला, फरशीवर पाणी साठविले आणि त्यात कपड्यांची नीळ कालविली. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयाच्या छतावर ट्रॅपच्या पाइपाभोवती निळे कडे उमटले. ग्रंथपाल मॅडम धावत आल्या. तो म्हणाला, “बाई, रोग इथंय. फरशीतून तर झिरपतंयच, पण खरं पाणी पाइपाच्या कडंनं उतरतंय. टाइल कसली का लावा, हे भोक हाय तवर गळणारच.”

ट्रॅपला दुकानात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी बोलणारे अभियंतेसुद्धा तोच शब्द वापरतात. आपल्या आज्यांची न्हाणी नळकामाच्या परिभाषेत जाऊन बसली आहे, ही गंमत मला त्या दिवसांत कळली.

त्याचा उपाय सरळ होता. स्लॅबमधील छिद्र कायमचे बंद करायचे. मागची भिंत इमारतीची बाहेरची भिंत होती. प्रत्येक कप्प्याचे पाणी त्या भिंतीतून स्वतंत्र बाहेर काढायचे, बाहेरच्या उभ्या पाइपात सोडायचे आणि वास अडविणारा पाण्याचा ट्रॅप खाली जमिनीवरील चेंबरला बसवायचा. म्हणजे ग्रंथालयाच्या डोक्यावर एकही पाइप राहणार नाही आणि एका मुलीचे पाणी दुसरीच्या पायांशी जाणार नाही. ही दुसरी गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली, मी विचारली नव्हती.

दिवाळीची सुटी लागली त्याच दिवशी काम सुरू झाले. सुटीतही अठ्ठावीस मुली वसतिगृहात होत्या. त्यांच्या घरांना कुलपे होती. त्यांची सोय शिक्षक-निवासातील न्हाणीघरांत केली. टाइल्स, त्यांखालचा दगड, त्याखालचा बिछाना असे सर्व थर स्लॅब उघडा पडेपर्यंत काढले गेले. वाळू इतकी ओली होती की, मुठीत दाबली तर लाडू वळावा. कपाटे आधीच दुसऱ्या खोलीत हलविली होती. खालच्या बाजूने गंजलेल्या सळया तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंजरोधक थर दिला आणि सुटलेला भाग पुन्हा भरून घेतला. ट्रॅपच्या छिद्राच्या कडा खरबरीत करून खालून फळीचा टेकू देऊन ते न आकसणाऱ्या मसाल्याने बुजविले. मग चार दिवस काहीच केले नाही. “वाळू द्या,” एवढेच तो म्हणे. समितीचे सदस्य रोज विचारीत, काम थांबले का? काम चालू होते. स्लॅब वाळत होता.

त्यानंतर भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा, कारण जलरोधक थर काटकोनातच प्रथम तडकतो. त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात; पहिला वाळल्यावर दुसरा त्याला आडवा, म्हणजे एका हातात राहिलेली बारीक छिद्रे दुसऱ्यात बुजतात. हा थर भिंतीवर चार फुटांपर्यंत चढविला, कारण बादलीने स्नान करणाऱ्या मुलींचे पाणी भिंतीवर तेवढे उडते. पाइपांच्या तोंडाशी त्याने ब्रश ठेवून बोटांनी काम केले. आणि मग भिंतीतील सर्व तोंडे बंद करून दोन इंच पाणी तीन दिवस साठवून ठेवले. ते तीन दिवस मी ग्रंथालयाच्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून दिवाळी अंक वाचीत बसले होते. वाचनापेक्षा वर पाहणेच अधिक झाले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी छताला वर्तमानपत्राचा कागद दाबून पाहिला, कोरडा होता.

येथपर्यंत निम्म्याहून अधिक सुटी आणि बराचसा पैसा खर्च झाला होता, आणि दिसण्यासारखे काहीच नव्हते. पुढचे काम मात्र भराभर दिसू लागले. पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने चारी भिंतींवर पातळीच्या खुणा केल्या आणि तेथून ढाळ धरला: आठ फुटांना एक इंच या हिशेबाने, चार फुटांच्या कप्प्यात अर्धा इंच. दोरी ताणून, रंधा ओढून एक भाग सिमेंट व चार भाग वाळूचा बिछाना. ढाळ कमी झाला तर पाणी थांबते, फार झाला तर ओल्या पायाला तोल सापडत नाही. टाइल्स एक फुटाच्या, खरबरीत पृष्ठाच्या घेतल्या. दुकानदार मोठ्या, तकतकीत टाइल्स दाखवीत होता. सांधे कमी येतात, असे त्याचे म्हणणे. परंतु मोठी टाइल ढाळाला वळत नाही आणि तकतकीत टाइलवर मनगट मोडते, हे आम्ही पाहिले होते. फरशी आधी, भिंतीची टाइल नंतर, आणि ती फरशीच्या कडेवर उतरलेली; उलट केले तर कोपऱ्यातला सांधा पाणी पितो. सांध्यांत ॲसिडला आणि जड पाण्याला न जुमानणारे एपॉक्सी भरले. ते महाग पडले. त्यावर चर्चा झाली, आणि जुन्या सांध्यांचा इतिहास मी पुन्हा एकदा सांगितला.

मजुरीविषयी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. राडारोडा वाहण्यासाठी दोन स्त्रिया आणि दोन पुरुष होते. गावातील दरानुसार स्त्रियांना कमी रोज दिला जातो. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. चौघांनाही एकच रोज, तोही रोजच्या रोज संध्याकाळी दिला गेला. गवंड्याने स्वतः ‘बाई, शाळेचं काम हाय, माझी मजुरी धम्मदान समजा’ असे म्हटले होते. मी त्याला खाली बसविले आणि वतनाचा धडा शिकविला, जो नववी अर्धवट सुटल्यामुळे त्याचा राहून गेला होता. गावकीच्या कामासाठी महाराने हक्काच्या वेतनाशिवाय राबावे, ही पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. ‘आपल्या शाळेनेच तुला फुकट राबवायचे का रे?’ असे विचारल्यावर तो हसला. पूर्ण मजुरी त्याने घेतली, पावतीवर सही केली, आणि मग त्यातील काही रक्कम निराळी काढून मुलींच्या ग्रंथालयासाठी दिली. ती देणगी म्हणून मी आनंदाने स्वीकारली. तिचीही पावती फाडली आहे.

शाळा उघडली त्या दिवशी मुली अनवाणी आल्या आणि बोळात उभ्या राहून फरशीकडे पाहत राहिल्या. पहिली बादली सहाव्या कप्प्यात ओतली गेली. पाणी क्षणभर पसरले, मग मागच्या भिंतीकडे वळले आणि गेले. त्या दहावीतील मुलीने मला विचारले, “मॅडम, आवाज कुठं गेला?” जुन्या पन्हळीत पाणी गडगडत असे, नव्या फरशीवर ते गाजावाजा न करता जाते. सहाव्या दाराला आतून नवी कडी आहे. ती मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली, पुढे तालुक्याला अकरावीला गेली.

आता न्हाणीघरात ॲसिड आणण्यास मनाई आहे. पुट चढलेच तर पाण्यात लिंबाचे सत्त्व विरघळवून घासतात, आणि सांधे दर सहा महिन्यांनी डोळ्यांखालून घालण्याची नोंदवही अधीक्षिकेच्या टेबलावर ठेवलेली आहे. ग्रंथालयाच्या छताला नवा रंग दिला, परंतु ट्रॅपच्या जागी निळे कडे अजून पुसटसे दिसते. चुन्याच्या दोन हातांनीही ते गेले नाही. मुलांच्या वसतिगृहातील न्हाणीघर तळमजल्यावर आहे. तेथे खाली ग्रंथालय नसल्यामुळे कोणाचे लक्ष गेलेले नाही, परंतु मागील महिन्यात मी मुठीने ठोकून पाहिले, तेव्हा चौथ्या कप्प्यात पोकळ आवाज आला. येत्या दिवाळीच्या सुटीसाठी गवंड्याला आताच सांगून ठेवले आहे.